ब्राह्म्स की चायकोव्हस्की? दोघांतला आपला कोण हे कानानेच कसं ठरवायचं

ब्राह्म्स आणि चायकोव्हस्की, एकोणिसाव्या शतकातले वेस्टर्न क्लासिकलचे दोन रचनाकार. दोघांचं थोडं थोडं ऐकून झालंय, दोघंही आवडतात, आणि तरी सारखं मनात येतं की यातला आपला कोण, अशा लोकांसाठी हे लिहितेय. आमच्या ग्वाल्हेरात गाण्याला तोटा नाही, पण वेस्टर्न क्लासिकल प्रत्यक्ष समोर बसून ऐकायला मिळणं फार क्वचित, त्यामुळे जे काय ऐकायचं ते मोबाइलवर नाहीतर घरच्या स्पीकरवर, आणि शेजारी बसून सांगणारं कोणी नसतं. मग काय होतं, दहा मिनिटं स्वान लेक, दहा मिनिटं हंगेरियन डान्स, आणि "चायकोव्हस्की गोड, ब्राह्म्स जड" एवढं ठरवून माणूस मोकळा होतो. असं नका करू. दोघांवरही अन्याय होतो आणि आपलंही नुकसान होतं, कारण गोड वाटणाऱ्याच्या आतला अंधार आणि जड वाटणाऱ्याच्या आतली माया दोन्ही ऐकायचं राहूनच जातं.

माझं म्हणणं एवढंच आहे की फेव्हरेट ठरवायचा तर एकाच प्रकारच्या दोन रचना शेजारी शेजारी ठेवून ठरवा. एकाचा यमन आणि दुसऱ्याचा मालकंस ऐकून दोन गवयांची तुलना होत नाही, दोघांचाही यमनच ऐकावा लागतो. आणि या दोघांच्या बाबतीत ते अगदी सहज जमतं, कारण दोघं एकाच काळातले, दोघांनी सिम्फनी (पूर्ण ऑर्केस्ट्रासाठीच्या मोठ्या रचना) लिहिल्या, व्हायोलिन आणि पियानोचे कन्सर्टो (एक वाद्य पुढे, ऑर्केस्ट्रा सोबतीला) लिहिले, सहा तंतुवाद्यांचे सेक्स्टेट लिहिले. (वाढदिवससुद्धा एकच, ७ मे. ब्राह्म्स १८३३ चा, हॅम्बर्गचा, आणि चायकोव्हस्की १८४० चा, रशियातल्या व्होत्किन्स्कचा. हा निव्वळ योगायोग, त्यावरून काही ठरत नाही, पण त्या दिवशी दोघांचं लावून बसायला छान निमित्त मिळतं.)

आधी तयारी. सहालग, म्हणजे लग्नसराई, चालू असेल तर रात्री ऐकायला बसूच नका, एक वरात गेली की तुमची अख्खी मूव्हमेंट (रचनेचा एक भाग) गेली. उन्हाळ्यात कूलरच्या आवाजात ब्राह्म्सचे मधले सूर ऐकूच येत नाहीत, आणि त्याचं निम्मं काम त्या मधल्या सुरांतच असतं, व्हायोला, चेलो (व्हायोलिनची मोठी भावंडं), हॉर्न यांच्यात, त्यामुळे पंधरावीस मिनिटं कूलर बंद ठेवता येईल अशी वेळ शोधा, म्हणजे पहाटेच. थंडीत धुकं असतं, खिडक्या बंद असतात, ती सगळ्यात उत्तम वेळ. मोबाइलच्या स्वतःच्या स्पीकरवर अजिबात ऐकू नका, चेलो आणि डबल बास गायबच होतात, साधा वायरवाला इअरफोन चालेल. फुकटच्या यूट्यूबवर मूव्हमेंटच्या मधेच जाहिरात येते आणि सगळं विस्कटतं, त्यामुळे जमलं तर एखाद्या म्युझिक अ‍ॅपवर पूर्ण रेकॉर्डिंग शोधून डाउनलोड करून ठेवा. आणि शफल बंद करा, हे सांगावं लागतं कारण लोक खरंच सिम्फनी शफलवर ऐकतात आणि मग म्हणतात काही कळलं नाही.

पहिली जोडी व्हायोलिन कन्सर्टोची. इथूनच सुरुवात करा, कारण इतकी बरोबरीची जोडी दुसरी नाही. दोन्ही १८७८ मध्ये लिहिलेले, दोन्ही डी मेजरमध्ये, म्हणजे डी हा षड्ज धरून (व्हायोलिनच्या मोकळ्या तारा त्या सुराला साथ देतात, वाद्य घुमतं, म्हणून हा स्वर बऱ्याच जणांनी निवडला), आणि दोन्ही तळ्याकाठी लिहिलेले. ब्राह्म्स ऑस्ट्रियात प्योर्टशाखला सुट्टीवर होता, आणि चायकोव्हस्की लग्न मोडल्यावर सावरायला स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाच्या तळ्याकाठी क्लारेन्सला येऊन राहिला होता. वाजवणाराही एकच मिळतो. याशा हाइफेट्झने शिकागो सिम्फनी आणि फ्रिट्झ रायनरबरोबर ब्राह्म्सचा १९५५ मध्ये आणि चायकोव्हस्कीचा १९५७ मध्ये रेकॉर्ड केला, म्हणजे व्हायोलिन तेच, ऑर्केस्ट्रा तोच, कंडक्टर तोच, फरक फक्त रचनाकाराचा. तुलनेला याहून चांगलं काय पाहिजे! एक लक्षात ठेवा, हाइफेट्झ चायकोव्हस्की वाजवतो तो त्याचे गुरू लिओपोल्ड आउअर यांनी थोडा कापलेला, म्हणून नंतर कधीतरी डेव्हिड ओइस्त्राखचं रेकॉर्डिंगही ऐका.

काय ऐकायचं ते सांगते. चायकोव्हस्कीचा सुरू होतो तेव्हा साधारण मिनिटाभरातच व्हायोलिन येतं, जरा इकडेतिकडे रेंगाळतं आणि मग मुख्य धून अख्खी मांडून देतं, पहिल्या ऐकण्यातच ती गुणगुणता येते. ब्राह्म्समध्ये मात्र ऑर्केस्ट्राच दोनेक मिनिटं बोलत राहतो, आणि एवढं थांबून व्हायोलिन येतं तेही धून घेऊन नाही येत, एकदम मायनरमध्ये (गडद, उदास वळणाच्या सुरांत), चिडल्यासारखं, वरखाली धावत, आणि शांत व्हायला त्याला बराच वेळ लागतो. मग जेव्हा ती पहिली धून व्हायोलिन वर उंचावर, हळूच म्हणतं, तेव्हा थांबल्याचं सगळं वसूल होतं. आता स्वतःला विचारा की हे थांबणं तुम्हाला त्रास देतं की त्यातच तुम्हाला मजा येते. अर्धं उत्तर इथेच मिळतं.

आपण ग्वाल्हेरवाले आहोत, म्हणून आपल्या पद्धतीनेही हे नीट सांगता येतं. आपल्या घराण्यात बंदिशीची अस्ताई आणि अंतरा आधी पूर्ण, स्पष्ट मांडायचा, ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे की चीज कोणती, आणि मग तीच चीज धरून आलाप, बोलअंग, लयकारी, ताना. यातला पहिला भाग चायकोव्हस्कीला विलक्षण साधतो. त्याच्यासारखी पूर्ण, रेखीव, ऐकताक्षणी आपलीशी होणारी चीज मांडणारा त्या काळात फार कमी. आणि दुसरा भाग, म्हणजे दोनतीन सुरांचा एक तुकडा घेऊन त्यातूनच पुढचं सगळं उगवत नेणं, ती बढत ब्राह्म्सची. तुम्ही गाणं ऐकताना मुखड्यावर खूश होता की बढतीवर, आठवून बघा.

दुसरी मूव्हमेंट वेगळी काढून ऐका. ब्राह्म्सच्या अडाजिओत ती सुंदर धून आधी ओबो (सनईच्या जातीचं फुंकायचं वाद्य) वाजवतो, पूर्ण, आणि व्हायोलिनवाला नुसता उभा. साराझाते नावाचा त्या काळचा मोठा व्हायोलिनवादक म्हणे याच कारणाने हा कन्सर्टो वाजवायला तयार नव्हता, की सगळ्यात चांगली धून ओबोने वाजवायची आणि मी वाद्य हातात घेऊन ऐकत बसायचं का. चायकोव्हस्कीची दुसरी मूव्हमेंट, कान्झोनेटा, अगदी उलट आहे, व्हायोलिनला म्यूट लावलेला, आवाज दबका, आणि तो एकटाच गातो, बाकीचे त्याला सांभाळून घेतात. एकाला वाटतं धून सगळ्यांची आहे, दुसऱ्याला वाटतं ज्याचं दुःख त्यानेच सांगावं. दोन्ही खरं आहे. मला स्वतःला ओबोवाला भाग जास्त भिडतो पण कान्झोनेटा ऐकताना मी दुसरं काही करू शकत नाही, हेही तितकंच खरं.

शेवटच्या मूव्हमेंटमध्ये दोघंही नाचायला लागतात, ब्राह्म्सचा नाच हंगेरियन (व्हायोलिनवादक मित्र योआखिम हंगेरीचा होता, त्याच्यासाठीच लिहिला आणि १ जानेवारी १८७९ ला लाइपझिगमध्ये त्यानेच पहिल्यांदा वाजवला), चायकोव्हस्कीचा रशियन खेड्यातला. १८८१ मध्ये व्हिएन्नाला अडोल्फ ब्रॉडस्कीने चायकोव्हस्कीचा पहिल्यांदा वाजवला तेव्हा हान्सलिक नावाच्या समीक्षकाने लिहिलं की या संगीताची दुर्गंधी कानांना येते. हाच हान्सलिक ब्राह्म्सचा मोठा समर्थक. म्हणून म्हणते, जाणकारांच्या मतावर जाऊ नका, आज तो कन्सर्टो सगळं जग वाजवतंय.

पियानोचं थोडक्यात सांगते. चायकोव्हस्कीचा पहिला आणि ब्राह्म्सचा दुसरा ऐका, एमिल गिलेल्सने दोन्ही रायनर आणि शिकागोबरोबरच वाजवलेत. चायकोव्हस्कीची ती सुरुवातीची भव्य धून, जी सगळ्यांना माहीत असते, ती पहिल्या काही मिनिटांत येऊन जाते आणि पुढे अख्ख्या कन्सर्टोत परत येतच नाही! लोक वाट बघत राहतात. एवढी मोठी गोष्ट एकदाच देऊन पुढे निघून जायचं, हे औदार्य म्हणा की बेफिकिरी, ते तुमचं तुम्ही ठरवा. ब्राह्म्सचा दुसरा एका हॉर्नने सुरू होतो, तीनऐवजी चार मूव्हमेंट्स, पाऊण तासाहून मोठा, आणि तिसऱ्या मूव्हमेंटची धून पियानोला न देता चेलोला दिलीय. परत तेच, ओबोसारखं. ही त्याची सवय एकदा कळली की तो जड वाटायचा थांबतो.

आता लय. तबल्याची थोडी जरी ओळख असेल तर ही टेस्ट तुम्हाला सगळ्यात जास्त आवडेल, आणि लाज न बाळगता मांडीवर हाताने मात्रा मोजत ऐका. ब्राह्म्सच्या दुसऱ्या सिम्फनीची पहिली मूव्हमेंट लावा, ती तीनात आहे. एक दोन तीन, एक दोन तीन असं चाललेलं असतं आणि मधेच तुमचा हात चुकल्यासारखा होतो. तुमचा काही चुकत नसतो, त्याने सहा मात्रांचे तीन-तीनचे दोन भाग न करता दोन-दोनचे तीन भाग केलेले असतात. मात्रा तेवढ्याच, वजन दुसरीकडे. आपल्याकडे तबलजी आड घेतो तेच हे, दोनाच्या जागेत तीन. ब्राह्म्स हे सारखं करतो, जवळपास प्रत्येक मोठ्या रचनेत करतो, आणि समेवर परत येतो ते इतकं गुपचूप की कधी आला ते कळत नाही.

चायकोव्हस्कीची लय वेगळ्या तऱ्हेने खेळते. त्याच्या सहाव्या सिम्फनीची, म्हणजे पाथेटिकची, दुसरी मूव्हमेंट लावा. ऐकायला वॉल्ट्झसारखी, डौलदार, पण वॉल्ट्झ तीनाचा आणि ही पाचाची! दोन आणि तीन. तोंडाने "धी ना, धी धी ना" म्हणत रहा, झपतालाचं अर्धं आवर्तन, बरोबर बसतं. युरोपातल्या लोकांना त्या काळी ही पाचाची चाल विचित्र वाटली, आपल्याला मुळीच नाही वाटत, आपण लहानपणापासून झपतालात ऐकतोय. माझा भाचा कीबोर्ड शिकतो, त्याला मी हे असंच मोजत ऐकवलं आणि तो तिथेच चायकोव्हस्कीचा झाला. नंतर ब्राह्म्सची दुसरी सिम्फनी ऐकून म्हणाला, "मावशी, हा सरळ सांगतच नाही काही, अडवून धरतो." मी म्हटलं, "अरे, अडवतो म्हणून तर परत ऐकावंसं वाटतं." त्यावर आमचं अजून एकमत नाही आणि मला ते आवडतं.

सगळ्यात महत्त्वाची जोडी शेवटांची, तिला एक पूर्ण सकाळ द्या. ब्राह्म्सची चौथी सिम्फनी (१८८५) आणि चायकोव्हस्कीची सहावी (१८९३). दोघांचीही शेवटची सिम्फनी, आणि दोन्ही जिंकल्यासारख्या संपत नाहीत, त्या काळात सिम्फनी आनंदात, झगमगाटात संपवायची रीत असूनसुद्धा. ब्राह्म्ससाठी कार्लोस क्लायबर आणि व्हिएन्ना फिलहार्मोनिकचं रेकॉर्डिंग, चायकोव्हस्कीसाठी येवगेनी म्राविन्स्की आणि लेनिनग्राडचं, दोन्ही सहज मिळतात.

ब्राह्म्सच्या चौथीची शेवटची मूव्हमेंट लेहऱ्यासारखी ऐका. तबला सोलोत लेहरा कसा एकच आवर्तन फिरत राहतो आणि त्यावर तबलजी कायदे, रेले, गती मांडत जातो, तसं इथे आठ मोजांची (तीन मात्रांचा एक मोज), आठच सुरांची एक ओळ आहे. ती आधी पितळी वाद्यं जोरात मांडतात (ट्रॉम्बोनवाले पहिल्या तीन मूव्हमेंट्स गप्प बसलेले असतात, फक्त यासाठी), आणि मग त्या आठ सुरांवर तीस वेळा नवं काहीतरी घडतं. कधी ती ओळ खाली बासमध्ये, कधी आत लपलेली, साधारण मध्यावर सगळं शांत होऊन एकटी बासरी येते, इतकी एकटी की मोजणं विसरायला होतं, पण ओळ तिथेही चालूच असते. मग ट्रॉम्बोन अगदी हळू, प्रार्थनेसारखे, आणि एकदम पहिली ओळ परत कडाडते. पहिल्यांदा ऐकताना मोजू नका, नुसतं ऐका, दुसऱ्यांदा बोटांवर आठ-आठ मोजत ऐका. ही चाल त्याने बाखच्या एका कँटाटावरून (धार्मिक गायनरचनेवरून) घेतलीय, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं जुन्या साच्यात त्याने स्वतःचं सगळं दुःख बसवलं, आणि साचा कुठेही मोडला नाही. मला याच्याइतकं थोर फार कमी वाटतं.

आता पाथेटिक. इथे एक सूचना. पहिल्या मूव्हमेंटच्या मध्यावर आवाज इतका बारीक होत जातो की स्वरलिपीत हळू म्हणायची खूण एकापुढे एक सहा वेळा लिहिलीय, आणि तुम्ही ऐकू येत नाही म्हणून व्हॉल्यूम वाढवता, आणि पुढच्याच क्षणाला अख्खा ऑर्केस्ट्रा फुटतो. इअरफोन असेल तर कान बधिर होतील, तेव्हा व्हॉल्यूमला हात लावू नका. दुसरी सूचना, तिसरी मूव्हमेंट मार्चची आहे, अशी जोरदार संपते की हॉलमधले लोकसुद्धा संपलं समजून टाळ्या वाजवतात. बंद करू नका. खरी सिम्फनी त्याच्यापुढे आहे. चौथी मूव्हमेंट संथ, रडवेली, आणि तिची पहिली धून ऐकताना जी तुम्हाला ऐकू येते ती प्रत्यक्षात कोणीच वाजवत नसतं! एक सूर पहिल्या व्हायोलिनांचा, पुढचा दुसऱ्यांचा, परत पहिल्यांचा, असं त्याने वाटून दिलंय, दोघांचं मिळून आपल्या कानात ती धून बनते. असं काही करणाऱ्या माणसाला नुसता गोड कसं म्हणायचं?

दोन्ही ऐकून झाल्यावर लगेच मत बनवू नका, चहा करा, बाहेर एक चक्कर मारून या. ब्राह्म्सचा शेवट कडक आहे, दात घट्ट दाबून उभ्या राहिलेल्या माणसाचा. चायकोव्हस्की शेवटी स्वतःला सावरत नाही. तुम्हाला दुःखात कोण जवळ हवं असतं, हा प्रश्न इथे येतो आणि तो टाळता येत नाही.

सेक्स्टेटची जोडी मी मुद्दाम शेवटी ठेवते, कारण तिथे माझ्या ओळखीतल्या लोकांची मतं बदलतात. दोन व्हायोलिन, दोन व्हायोला, दोन चेलो, बस. ब्राह्म्सचा पहिला, १८६० चा, तेव्हा तो तिशीचाही नव्हता, आणि सुरुवातच चेलोच्या अशा उबदार धुनेने होते की जड म्हणणारे गप्प होतात. चायकोव्हस्कीचा सुवनीर द फ्लोरान्स, १८९० चा, पन्नाशीतला, त्यातली दुसरी मूव्हमेंट ऐका, व्हायोलिन आणि चेलोची जुगलबंदी, बाकीचे तारा छेडून साथ करतात. ऑर्केस्ट्राचा थाट काढून घेतला की दोघं किती जवळचे आहेत ते कळतं. पाथेटिकने भारावून चायकोव्हस्कीकडे गेलेला माणूस इथे ब्राह्म्सकडे परत येतो, आणि उलटही होतं.

चरित्रं नंतर वाचा. चायकोव्हस्कीचं आयुष्य असं आहे की वाचलं की जीव तुटतो. मोडलेलं लग्न, फॉन मेक नावाच्या श्रीमंत विधवा बाईंची वर्षाला ६००० रुबलांची मदत, त्या दोघांची हजाराहून जास्त पत्रं आणि कधीही न भेटण्याचा करार, पाथेटिक स्वतः कंडक्ट केल्यानंतर नऊ दिवसांत मृत्यू. आणि ब्राह्म्सची पियानोवादक क्लारा शूमानवरची आयुष्यभराची, कधी पूर्ण न झालेली माया. हे सगळं खरं आहे, पण दयेपोटी फेव्हरेट ठरवू नये. दोघं एकमेकांबद्दल काय म्हणत होते तेही ऐकून सोडून द्या. चायकोव्हस्कीने १८८६ मध्ये डायरीत ब्राह्म्सला चक्क शिवी घातलीय, आणि मग १८८८ च्या १ जानेवारीला लाइपझिगमध्ये त्याच ब्रॉडस्कीच्या घरी दोघं पहिल्यांदा भेटले तेव्हा माणूस म्हणून त्याला ब्राह्म्स आवडला. पुढच्या वर्षी हॅम्बर्गला ब्राह्म्स चायकोव्हस्कीच्या पाचव्या सिम्फनीची तालीम ऐकायला एक दिवस जास्त थांबला, आणि जेवताना तोंडावर सांगितलं की छान आहे, फक्त शेवटची मूव्हमेंट नाही आवडली. मला दोघांचाही हा सरळपणा फार आवडतो, पण त्याचा आपल्या निवडीशी संबंध नाही.

मग ठरवायचं कसं. सगळ्या जोड्या दोनदा ऐका, दुसऱ्यांदा क्रम उलटा करून, कारण नंतर ऐकलेलं नेहमी जास्त चांगलं वाटतं. त्यानंतर काही दिवस दोघांचंही काहीच लावू नका, भीमसेन ऐका, किशोर ऐका, काहीही ऐका. भाजी चिरताना, बाड्यावरून (इथल्या गजबजलेल्या चौकातून) गाडी काढताना आपोआप कोणाची धून ओठावर येते ते बघा, पण त्यावर लगेच निकाल देऊ नका, कारण ओठावर बहुतेक वेळा चायकोव्हस्कीच येणार, त्याच्या धुना बनल्याच तशा आहेत. जास्त भरवशाची खूण म्हणजे तिसऱ्यांदा ऐकणं. तिसऱ्यांदा लावल्यावर "अरे हे मागच्या वेळी ऐकलंच नव्हतं" असं कोणाच्या बाबतीत होतं आणि "आता ती जागा येणार" म्हणून अंगावर काटा कोणाच्या बाबतीत येतो. दोन्ही सुखं वेगळी आहेत. पहिलं बहुतेक ब्राह्म्स देतो, दुसरं चायकोव्हस्की, आणि तुम्हाला कोणतं जास्त लागतं ते फक्त तुम्हालाच ठाऊक. आणखी एक बघा, मन बरं नसताना एकदा आणि छान असताना एकदा, दोन्ही वेळा दोघांना ऐका. चायकोव्हस्की तुम्हाला त्याच्या मनःस्थितीत ओढून नेतो, तुम्ही कसेही असा. ब्राह्म्स तुमचं जे काय चाललंय त्याच्या शेजारी येऊन बसतो.

माझा ब्राह्म्स. विचारलंत म्हणून कारणही सांगते, त्याच्याकडे धून कोणा एकाची नसते, आणि तो काहीही लगेच देत नाही, आणि जे देतो ते आधी स्वतः दहादा तपासलेलं असतं. पहिली सिम्फनी लोकांसमोर आणायला त्याला वीसेक वर्षं लागली, १८७६ मध्ये ती वाजली तेव्हा तो ४३ वर्षांचा होता, आणि त्याआधीच्या कितीतरी क्वार्टेट्स (चार तंतुवाद्यांच्या रचना) त्याने स्वतःच्या हाताने नष्ट केल्या. तिसरी सिम्फनी ऐका, चारही मूव्हमेंट्स हळू संपतात, टाळी मागतच नाही तो. पण माझ्या निवडीमुळे तुम्ही ब्राह्म्स घ्यावा असं मुळीच नाही, माझ्या घरातच अर्धी माणसं चायकोव्हस्कीची आहेत.

निवड झाली की थांबू नका. चायकोव्हस्की ठरला तर बॅले लगेच नको, आधी स्ट्रिंग सेरेनेड (१८८०), मग त्याचा मित्र, पियानोवादक निकोलाय रुबिनस्टाइनच्या आठवणीत लिहिलेली ए मायनर ट्रायो (पियानो, व्हायोलिन, चेलो), मग ओनेगिन ऑपेरातला तातियाना रात्रभर पत्र लिहिते तो प्रवेश, सबटायटल्स लावून बघा, आणि त्यानंतर नटक्रॅकर पूर्ण, तुकडे नाही. ब्राह्म्स ठरला तर क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्यांची क्लॅरिनेट क्विंटेट, १८९१ ची, लिहिणं थांबवायचं त्याने ठरवलं होतं आणि म्युलफेल्ड नावाच्या क्लॅरिनेटवाल्याला ऐकून परत लिहायला बसला, तिची संथ मूव्हमेंट आधी ऐका. मग शेवटच्या वर्षांतली पियानोची छोटी इंटरमेझो, ओपस ११७, ती तर रात्री झोपण्याआधीही चालतात, पाच-सहा मिनिटांची एकेक. जर्मन रेक्विएम (मृत्यू आणि सांत्वनाविषयीची समूहगायनाची रचना) मात्र सुरुवातीला नको, सत्तर मिनिटांचं आहे आणि मधे उठता येत नाही, ते दिवाळीच्या सुट्टीत, पाहुणे गेल्यावर.